लेबलवर नसलेला आवाज

१

दुपारी एक ते चार नागभीडला लाईट नसायची, म्हणून कॅसेट भरायचं काम मी सकाळीच उरकून घ्यायचो. ही दोन हजार एक सालची गोष्ट. रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आणि घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. लोक गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून आणत, मी ती गाणी कॅसेटमध्ये भरून देई. कव्वाली, भीमगीतं, लग्नाची गाणी. कोणाकडे आजोबांच्या वेळच्या रेकॉर्डी निघाल्या तर त्याही मी पुसून, वाजवून कॅसेटवर उतरवत असे. तेवढ्या एका कामासाठी माझं नाव ब्रह्मपुरी-वडशापर्यंत माहीत होतं.

घरात मी, बिलाल, आणि माझी बायको नाहीद. दोघंच. ती मागच्या स्वयंपाकघरात असायची आणि तिचं बोलणं दिवसभर दुकानात येत राहायचं. शेजारणीशी, मांजरीशी, उतू जाणाऱ्या दुधाशीसुद्धा ती बोलायची. गिऱ्हाईक हसायचे. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबला तर मी हेडफोन काढून मागे बघायचो.

नागपूरच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी कोऱ्या कॅसेट आणायचो, त्याने त्या हिवाळ्यात मला एक पत्र पाठवलं. लंडनच्या टॉलवर्थ नावाच्या साहेबांचं होतं. मी बी. कॉम. झालेला, सावकाश वाचलं तर इंग्रजी कळतं. हिलरी प्राउज नावाची एक गायिका तिकडच्या संगीत नाटकांतून तीस वर्षं गायली होती. पण नाटकात जाण्याआधी, विशीत असताना, तिने सहा छोट्या रेकॉर्डी काढल्या होत्या, प्रत्येकीवर एकच गाणं. हलकीफुलकी, नाचायची गाणी. तेव्हा त्या कोणी घेतल्या नाहीत आणि कंपनीने मूळ फितीही पुसून टाकल्या. आता साहेबांना ती गाणी पुन्हा लोकांपुढे आणायची होती. तडा गेलेल्या एका रेकॉर्डीशिवाय त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. हिलरीबाई साठी ओलांडलेल्या, आजारी. त्यांनीच सांगितलं होतं की निघालेली प्रत्येक रेकॉर्ड त्या आपल्या थोरल्या बहिणीला टपालाने पाठवायच्या. ती बहीण, एडिथ प्राउज, कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका गावी नर्स होती. तिथेच वारली.

‘त्या रेकॉर्डी अजून असतील का?’ असं साहेबांनी विचारलं होतं.

नाहीदने पत्र उलटसुलट करून पाहिलं. “एवढ्या दूरून गाणे पाठवत होती,” ती म्हणाली, “मंग स्वतः काऊन नाई आली भेटाले?”

२

वडशाहून कुरखेड्याची बस धरली आणि पुढे जीपने गेलो. तो दवाखाना कधीच बंद पडलेला, भिंतीही लोकांनी विटांसाठी नेलेल्या. पण सिस्टरबाई म्हटल्यावर गावात सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं.

ते घर मनकर्णाबाईंचं होतं. त्या सत्तरीच्या होत्या. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्या काठीने कोंबड्या हाकलत होत्या. मी दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या म्हणाल्या, “हळू बोल बाबू. ओरडू नको. मले ऐकू येत नाई, पण तोंड दिसलं पाह्यजे.”

त्या ओठ वाचायच्या. वाचता वाचता त्यांचेही ओठ बारीक हलायचे, नुकतं वाचायला शिकलेल्या पोरीसारखे. अठरा वर्षं त्यांनी सिस्टरबाईंकडे काम केलं होतं. सिस्टरबाई गेल्या त्याच महिन्यात यांना ताप भरला आणि त्या तापात कान गेले.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली एक पत्र्याची पेटी होती. त्यातून त्यांनी कापडात गुंडाळलेल्या सहा रेकॉर्डी काढल्या. इतक्या जपलेल्या की मला आश्चर्य वाटलं.

“बाई रोज दुपारी वाजवे,” त्या म्हणाल्या. “सेलवरचा बाजा होता. कोणी खोलीत आलेलं चालत नोहोतं. मी बाहेर बसून राहो.”

“बाईंची बहीण कधी आली होती का इकडे?”

त्यांनी माझे ओठ पाहिले आणि मग नजर खाली केली. “येतो म्हणून चिठ्ठी येत जाये,” त्या म्हणाल्या. “बाई पलंगावर चादर बदलून ठेवे. दर वर्षी.”

रेकॉर्डी परत आणून देईन असं सांगून मी निघालो. त्या फाटकापर्यंत आल्या. “नाई आणल्या तरी चालते,” एवढंच म्हणाल्या.

३

पहिली रेकॉर्ड मी एका सोमवारी सकाळी लावली. पातळ साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि एकदम गिटार आणि एका पोरीचा स्वच्छ, उडता आवाज सुरू झाला. शब्द मला निम्मेच कळले. पण ऐकताना तोंडावर हसू येत होतं. अशी गाणी लोकांनी घेतली नाहीत याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक दुसरा आवाज आला.

तो खालच्या पट्टीतला, वयाने मोठ्या बाईचा होता. कडव्याचा शेवटचा शब्द तेवढा त्याने उचलला, तोही किंचित उशिरा, जशी एखादी बाई काम करता करता गाण्याच्या मागे जाते. मी लेबल पाहिलं. हिलरी प्राउज, वाद्यवृंदासह. दुसरं नाव नव्हतं.

नसेल छापलं, असं मी मनाशी म्हटलं. साथीच्या बायकांची नावं कोण छापतो?

दुसऱ्या रेकॉर्डीवरही ती होती. तिसरीवर तर ती अख्ख्या ओळी म्हणत होती आणि आता मागे राहत नव्हती. मी तिन्ही गाणी कॅसेटवर घेतली आणि नागपूरमार्फत लंडनला पाठवली. सोबत लिहिलं, साथ फार छान आहे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. साहेब खूश होते. हिलरीबाईंना ऐकवणार होते. पण खाली लिहिलं होतं, ‘आमच्याकडची तडा गेलेली रेकॉर्ड तुमच्या तीनपैकीच एक आहे. ती पुन्हा तपासली. तिच्यावर दुसरा आवाज नाही. या गाण्यांना साथीला कोणीही नव्हतं असं हिलरीही सांगतात. कृपया पुढच्या रेकॉर्डी भरताना खोलीत कोणी गात नाही ना, तेवढं पाहावं.’

प्लेअरमधून टेपमध्ये आवाज वायरने जातो. मध्ये माईक नाही. खोलीत बँडबाजा वाजला तरी कॅसेटमध्ये उतरत नाही. हे मी पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना समजावत आलो होतो.

४

मग मी कारणं शोधली. रेकॉर्डीच्या एका रेषेत कधीकधी शेजारच्या रेषेचा आवाज पुसट उमटतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. ते मला माहीत होतं. पण सावली त्याच आवाजाची असते. कॅसेट जुनी असेल, आधी भरलेलं पुसलं गेलं नसेल, असंही म्हणून पाहिलं. कॅसेट मीच पाकीट फाडून काढली होती.

चौथी रेकॉर्ड लावली त्या दिवशी दुसरा आवाज पहिल्याच ओळीपासून होता. जरा पुढेच चालत होता. शब्द आधी तो म्हणायचा, मग पोरगी.

पाचवी लावली तेव्हा एक वाजत आला होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. गाणं अर्ध्यावर असताना लाईट गेली. पंखा मंदावला. तबकडी हळू झाली, पोरीचा आवाज घोगरा होत होत खाली गेला आणि थांबला.

दुसरा आवाज थांबला नाही. त्याने ओळ पूर्ण केली. त्याच लयीत, त्याच पट्टीत. मग त्याने श्वास घेतला. तो श्वास मला हेडफोनमध्ये दोन्ही कानांत ऐकू आला.

मी हेडफोन काढला. दुकानात ऊन आलं होतं. समोरच्या राइस मिलचंही मशीन बंद झालेलं, रस्ता शांत. मशीनमध्ये वीज थोडा वेळ साठून राहते, असं मी स्वतःला सांगत होतो, तेवढ्यात त्या गाण्याची पुढची ओळ मला स्पष्ट ऐकू आली. स्वयंपाकघरातून.

नाहीद तांदूळ निवडत बसली होती. मान खाली, बोटं चालू, आणि ती गुणगुणत होती.

“हे कुठी ऐकलंस?” मी विचारलं.

“काय?”

“हे गाणं. आत्ता म्हणत होतीस ते.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोललो होतो. “मी कुठी म्हणत होती? तांदूळ निवडून राह्यली न.”

मी सगळं हेडफोन लावूनच ऐकत होतो. स्पीकरवर एकदाही लावलं नव्हतं. आणि ती ओळ तर रेकॉर्डीवर अजून वाजायचीच होती. चारला लाईट आल्यावर मी उरलेलं गाणं भरलं, तेव्हा पुढे तीच ओळ आली.

५

त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. आधी शेजारणीशी, मग मांजरीशी. घसा बसला असेल म्हणून मी हळद-दूध दिलं. आठ दिवसांत तिचा आवाज कुजबुजीवर आला. मला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ऐकावं लागे. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. “घसा साफ आहे,” ते म्हणाले. “काही धक्का बसला का त्यांना?” मी नाही म्हटलं.

परत येताना बसमध्ये तिने माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून कष्टाने सांगितलं, “बोलायचं म्हटलं का कोणी आधीच बोलून घेते.”

सहावी रेकॉर्ड उरली होती. मी ती लावायला नको होती. पण मला वाटलं, शेवटचं एकदा नीट ऐकावं. तो आवाज या रेकॉर्डीवर नसला तर सगळा माझ्या डोक्याचा खेळ ठरेल आणि नाहीदचा घसा म्हणजे फक्त घसा राहील. सकाळी दहाला, दार उघडं ठेवून, रस्त्यावर माणसं असताना लावली.

संथ गाणं होतं. पोरीचा आवाज सुरुवातीपासूनच दूर वाटत होता. तिच्यासोबत दुसरा आवाज गात होता आणि तो मोठ्या वयाच्या बाईचा नव्हता.

बारा वर्षं मी तो आवाज दिवसभर ऐकला होता. नाहीदचाच होता. तिच्या जिभेला न येणारे इंग्रजी शब्द तो न अडखळता गात होता. गाणं संपलं. सुई रिकाम्या रेषेत फिरत राहिली. त्या खरखरीत तिचा आवाज अगदी जवळ, साध्या बोलण्यासारखा आला. “दार उघडं हाय न?”

मी सुई उचलली. मागे वळलो. नाहीद दुकानाच्या आतल्या दारात उभी होती, भिंतीला धरून. ती माझ्याकडे पाहत होती, तोंड मिटलेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हेडफोन माझ्याच कानांवर होता, तरी तिने ऐकलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डी बांधल्या. नाहीदला एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती. तिला सोबत घेतलं.

दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही मनकर्णाबाईंच्या घरी पोचलो. मी नाहीदला आत खाटेवर बसवलं. मनकर्णाबाई मडक्यातून पाणी घेऊन आल्या. दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या. हातातला पेला कलंडून पाणी जमिनीवर सांडत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या नाहीदच्या तोंडाकडे बघताहेत असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. त्यांची नजर नाहीदच्या उजव्या खांद्याच्या मागे, वीतभर वर होती. तिथे मातीची भिंत होती आणि खिळ्याला टांगलेली एक पिशवी.

मग मनकर्णाबाईंचे ओठ हलू लागले. बारीक, शब्दामागून शब्द. माझे ओठ वाचताना हलायचे तसे.

मी त्यांच्या समोर गेलो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

“दिसू दे,” त्या म्हणाल्या.

खोलीत काहीही आवाज नव्हता. बाहेर कोंबड्या पायांनी माती उकरत होत्या. मी नाहीदकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. तिच्या खांद्यावरची ओढणी दबलेली होती. कपड्यावर हात ठेवला की जशी चार बोटांच्या मध्ये घडी पडते, तशा तीन घड्या त्या ओढणीला पडल्या होत्या. मी पाहत असताना त्या किंचित सरकल्या आणि आणखी घट्ट झाल्या.

“काय म्हणते?” मी मनकर्णाबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून दंड धरून हलवलं आणि पुन्हा विचारलं.

“एकच गोष्ट इचारते,” त्या हळूच म्हणाल्या. “बहीण आली का, म्हणते.”

मनकर्णाबाईंनी पेला खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि अठरा वर्षं सिस्टरबाईंच्या घरात ज्या आवाजात बोलल्या असतील त्या नम्र आवाजात म्हणाल्या, “आली बाई. आली. बाहेर बसली हाय.”

ओढणीवरच्या घड्या एकेक करून सुटल्या. दाराशी वाळत घातलेला टॉवेल हलला की नाही, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. नाहीद पुढे वाकली, खूप खोकली आणि म्हणाली, “पानी.” तिचाच आवाज होता. घोगरा, पण तिच्याच गळ्यातून आलेला.

मनकर्णाबाई दाराकडे बघत उभ्या होत्या. “खोटं बोलली मी बाईशी,” त्या म्हणाल्या. “कधी बोलली नोहोती.”

रेकॉर्डी मी त्यांच्याकडेच ठेवल्या. त्यांनी ठेवू दिल्या.

७

लंडनला पाचच गाणी गेली. सहावी रेकॉर्ड फुटली असं मी लिहिलं. नाहीद महिनाभरात पूर्ववत बोलायला लागली. दुकानात मी पंखे आणि मिक्सर दुरुस्तीला घेऊ लागलो. त्या दिवसांबद्दल आम्ही बोललो नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साहेबांचं पत्र आलं. हिलरी प्राउज वारल्या. शेवटी शेवटी त्या प्रवासाची बॅग भरून मागत होत्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

हे मनकर्णाबाईंना समोर जाऊन सांगावं असं मला वाटलं. नाहीदनं त्यांच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. तीही यायला निघाली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “तिच्यामुळं बोलून राह्यलो आपण आज. मी माह्या हातानं देईन.” तिला त्या खोलीत न्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. अंगणाबाहेर मोहाच्या झाडाखाली दगड होता. “तू इथीच बस,” मी म्हटलं. “बाईंनाच बाहेर आणतो.”

मनकर्णाबाई फार थकल्या होत्या. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी समोर बसलो. बातमी सांगितली. त्यांनी दोनदा माझे ओठ वाचले.

“मंग आता कोण येईन?” त्या म्हणाल्या.

“बाई अजून विचारतात?”

“रोज. दुपारी. मी रोज सांगतो, आली बाई, बाहेर बसली हाय. ते ऐकून घेत होती. चार रोजापासून दुसरं म्हणून राह्यली. म्हणते, आत बोलाव तिले.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगू? बाहेर हाय कोण?”

मी उठलो. दाराकडे वळलो, आणि नाहीद दारात उभी होती. पायातल्या चपला तिने बाहेर काढून ठेवल्या होत्या. लुगड्याची पिशवी छातीशी धरलेली.

“किती वेळचं बोलावून राह्यले,” ती म्हणाली. “मी दोनदा म्हटलं न, आली म्हणून. ऐकू नाई आलं का?”

मी तिला हाक मारली नव्हती. मनकर्णाबाईंनीही नाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नाहीदकडे एकदा पाहिलं, मग खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि तिथून पुढचं काही वाचावं लागू नये म्हणून दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून घेतले.